दहाच्या आतली लग्नं

आमच्यात लग्नाला मुहूर्त पाहत नाहीत. पंचांग उघडायचं आणि कुणाच्या राशीला काय आलंय ते विचारायचं, हे सगळं आमच्या सासऱ्यांच्या पिढीनं धर्मांतराबरोबरच सोडून दिलं. सोयीचा दिवस धरायचा, मांडव टाकायचा, पाहुणे आले की लग्न लावायचं. तरीसुद्धा लातूरच्या आमच्या वसाहतीत प्रत्येक लग्नाची वेळ ठरलेली असे, सकाळी दहाच्या आत. बाहेरगावचे पाहुणे वैतागायचे. जळकोट-उदगीरकडून पहिली एस.टी. धरून आलेल्यांच्या वाट्याला नवरा-नवरीवर टाकायला फुलंसुद्धा उरायची नाहीत. कुणी विचारलंच तर वसाहतीतले वडीलधारे सांगायचे, उन्हाच्या आत उरकलेलं बरं.

खरं कारण लहान लेकरांनाही ठाऊक होतं. दहा वाजून गेले की माझा नवरा उभा राहू शकत नसे.

त्रिशरण आणि पंचशील सगळीकडं तेच म्हणायचे, बाकीचे त्यांच्या मागून. आवाज असा की मांडवामागं पुऱ्या लाटणाऱ्या बायांचे हात थांबायचे. नाव ठेवणं असो, लग्न असो, कुणाच्या मयतीनंतरचं जलदान असो, लोक त्यांनाच बोलवायचे. पाचवं शील हे दारूपासून आणि नशेच्या सगळ्या चिजांपासून दूर राहण्याचं. तेही ते त्याच सुरात, एकही अक्षर न चुकता म्हणायचे आणि लोकही त्यांच्या मागून तितक्याच श्रद्धेनं. तेवढं एक शील होईपर्यंत माझ्याकडं मात्र कुणी बघायचं नाही. सगळे समोर बघायचे.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झालेला होता. जुन्या जिल्ह्याच्या गावाहून कचेऱ्या ट्रकात घालून आल्या, कपाटं आली, टेबलं आली, त्यांच्या मागं माणसं आली. आमचे हे तसेच आले, एका कचेरीतले कारकून. गावाच्या टोकाला खोल्या स्वस्त होत्या. तिथं चहूकडच्या खेड्यांतून आलेली आमची बौद्ध घरं गोळा झाली आणि त्याला वसाहत म्हणायला लागले. जवळपास प्रत्येक घरातला नोकरीला लागलेला तो पहिलाच माणूस. त्यामुळं एकाचं नाव खराब झालं की सगळ्यांचं झालं, असं सगळे धरून चालायचे. आपल्यातलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. दारूचा शब्द आमच्या गल्लीत कुणी उच्चारायचं नाही. ‘तब्येत बरी न्हाई’ म्हणायचं. माझ्या नवऱ्याइतकी तब्येत बिघडणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

त्यात दुष्काळ. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. टँकर आला की बाया पदर खोचून पळायच्या आणि एरवी एकमेकींना जयभीम घालणाऱ्या आम्ही एकमेकींच्या घागरी लाथाडायचो. घरात एक लोखंडी ड्रम होता, त्यात जपून वापरायचं पाणी. लेकरांचं तोंड धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी मोरीत. इतकं सगळं करून लग्नाच्या सकाळी त्या ड्रममधलं दोन बादल्या पाणी मी माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर ओतायची.

मागच्या दाराशी एक धुण्याचा दगड होता. त्यांना त्या दगडावर आणून बसवायचं. पहिली बादली ओतली की शिव्या, दुसरी ओतली की माणूस. मग लिंबाचं पाणी, दात घासणं, तोंडात लवंग, इस्त्रीचा पांढरा सदरा. वसाहतीतले एक थोरले गृहस्थ होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, सगळी कार्यं त्यांच्याच हातून व्हायची. ते आठच्या सुमाराला दारात येऊन खाकरायचे. “झालं का पोरी?” एवढंच. मी म्हणायची, “झालं काका.” आणि माझा नवरा बाहेर पडायचा तो असा, की बघणाऱ्याला वाटावं ह्या माणसानं आयुष्यात ताकाखेरीज काही घेतलं नसेल.

मी मॅट्रिक झालेली, बालवाडीत शिकवणारी बाई. डोकं नव्हतं असं नाही. पण रोज उठून एखादी गोष्ट सावरायची सवय लागली की ती गोष्टच घर वाटायला लागते. मला राग यायचा. तो दारूवर यायचा, नळावर यायचा, लेकरांवर निघायचा. दगडावर बसलेल्या माणसावर मात्र मी पाणी ओतायची.

एकदा भावाच्या मुलाचं नाव ठेवायला आम्ही नांदेडला माझ्या माहेरी गेलो. भाऊ विष्णुपुरीच्या धरणावर कामाला होता. त्याच्या दोन खोल्यांच्या घरात, पाहुण्यांच्या पंक्तीत ह्यांना रक्ताची उलटी झाली. सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर पोरसवदा होता, दमलेला होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “लिव्हर निम्मं गेलंय बाई. आता परत प्यायले तर इकडं आणायची तसदी घेऊ नका.” मी लेकरांकडं बघितलं. ती व्हरांड्यात सलाईनच्या रिकाम्या बाटलीशी खेळत होती.

दोन-तीन दिवसांनी वॉर्डात एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला कंगवा, रेल्वेत नोकरीला असावा अशी काळी पँट. सरळ ह्यांच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, “नमस्कार साहेब. मी बी दारुडाच हाय.”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “दवाखान्यात पिऊन यायला लाज वाटत नाही? निघा इथून.”

तो उठून उभा राहिला. “ताई, पिलेलो न्हाई. सोडून लई दिवस झाले.”

“मग दारुडा कामून म्हणता सोताला?”

“म्हणावं लागतंय. म्हणायचं थांबलो की परत पिऊन राहतो.”

मला त्यातलं काही कळलं नाही. पण तो उभ्या उभ्याच सांगत राहिला. रेल्वे क्वार्टरच्या मागं एक शाळा आहे, तिथं रविवारी दुपारी दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं बसतात. औषध नाही, पूजा नाही, फी नाही. आपापलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. “आन आडनाव कोणीच इचारत न्हाई,” तो म्हणाला. आमच्या भागात गाव आणि आडनाव कळल्याशिवाय कुणी पाण्याचा तांब्या पुढं करत नाही, त्यामुळं ह्या शेवटच्या गोष्टीवर माझा काडीचाही विश्वास बसला नाही. ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं होतं. तो गेल्यावर म्हणाले, “येडा हाय.”

लातूरला परत आल्यावर घरातल्या तसबिरीसमोर हात जोडून ह्यांनी शपथ घेतली. पेढे वाटायचेच बाकी होते. महिनाभरही टिकली नाही ती शपथ. मग मी त्या नांदेडच्या शाळेचा विषय काढला, तर ताटावरून उठले. “चार लोकांत बसून मी दारुडा हाय म्हणू? नोकरी हाय माझी. समाजात नाव हाय.” मी रोज तेच लावून धरलं. एक दिवस चिडून म्हणाले, “तुला लई पुळका आलाय ना? मंग तू जा.”

मी गेले.

आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. रेशनच्या रांगेत ह्यांच्या वतीनं मीच उभी राहायची. ह्यांच्या नात्यातल्या मयतीला मीच जायची. शाळेत पालक म्हणून मीच, कचेरीत ‘ताप आलाय’ सांगायला मीच. कार्ड घेऊन घरातलं कुणीही गेलं तरी धान्य मिळतं, तसंच हेही मिळेल असं मी धरलं. जाऊन बसायचं, काय सांगतात ते नीट ऐकून घ्यायचं आणि घरी आणून ह्यांना द्यायचं.

आता जायचं तर कारण हवं. लातुरात सांगितलं, माय आजारी आहे. नांदेडात मायला सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरनं बोलावलंय. पुढं कितीतरी महिने हे असंच चाललं. लातुरात माझी माय अंथरुणाला खिळलेली होती आणि नांदेडात ती धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन गोदावरीच्या उरल्यासुरल्या डबक्यावर जात होती. माझे डोळे चांगले होते, पण खोटं पचावं म्हणून मी मायसमोर सुईत दोरा ओवताना मुद्दाम चुकायची. लेकरांना आजीकडं सोडून मी दुपारी बाहेर पडायची. मायला संशय आला होता. तिनं एकदा विचारलं, “पोरी, जावई बरे हायेत ना?” मी म्हटलं, “बरे हायेत.” त्या वाक्याची मला इतकी सवय झाली होती की ते माझ्या तोंडून मी न बोलताच निघायचं.

ती शाळा सापडायला वेळ लागला नाही. पहिली-दुसरीचा वर्ग होता. फळ्यावर पाढे लिहिलेले, आणि लहान पोरांच्या बाकड्यांवर मोठमोठे पुरुष गुडघे वर करून बसलेले. मी दारात उभी राहिले तसे सगळे एकदम गप्प झाले. तो रेल्वेवाला उठला. मला ओळखलं असणार, कारण आधी थोडा मागं सरकला. मग म्हणाला, “या ताई.” कुणीतरी चहाचा ग्लास माझ्या हातात दिला. कोण, कुठली, कुणाची, काही न विचारता. मी तो ग्लास तसाच धरून बसले. मला त्या चहाचंच रडू यायला लागलं होतं आणि एवढ्या पुरुषांत रडायचं नव्हतं.

एकेक जण उठायचा, आपलं नाव सांगायचा, मी दारुडा आहे म्हणायचा आणि मग बोलायचा. फिरत फिरत पाळी माझ्यावर आली. आता आली का पंचाईत. नवऱ्याचं नाव मी आजवर फक्त लग्नात, उखाण्यात घेतलेलं. मी उभी राहिले, पदर सावरला आणि म्हटलं, “आमचे हे दारुडे आहेत. ते आले नाहीत, म्हणून त्यांच्याकडून मी आलेय.”

कुणी तरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. खदाखदा, डोळे पुसत हसले. मला इतका संताप आला की मी ग्लास आपटून निघालेच होते. रेल्वेवाला म्हणाला, “बसा ताई. राग मानू नका. लई दिवसांनी हसलो आमी.” मग म्हणाला, “इथं दुसऱ्याचं बोलता येत न्हाई. सोताचं सांगा.”

“माझं काय सांगू? मी तर पीत नाही.”

“मंग ऐका.”

मी ऐकत बसले. त्यात एक जण सांगत होता, की त्याची बायको कामावर जाऊन त्याला ताप आलाय म्हणून सांगायची, गटारातून उचलून आणायची, सकाळी न्हाऊ-माखू घालून परत कामावर पाठवायची. “तिनं एकदा जरी पडू दिलं असतं ना,” तो म्हणाला, “तर मला आदीच कळलं असतं की मी पडून राहिलोय.” सगळे मान हलवत होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. प्यायचं पुरुषांनी, आणि चूक बायकोची. परतीच्या एस.टी.त मी सगळा रस्ता त्या माणसाशी मनातल्या मनात भांडले. अहमदपूर येईपर्यंत मी त्याला धुऊन काढला होता. पुन्हा जायचं नाही असं ठरवून टाकलं.

तरी पंधरा दिवसांनी गेले. का गेले ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. तिथं बरं वाटायचं असं काही नव्हतं, उलट डोकं दुखायचं. पण त्या तासाभरात मला एकही खोटं वाक्य बोलावं लागायचं नाही. ज्या रविवारी लातुरात नळाची पाळी यायची त्या रविवारी जाता यायचं नाही, तेव्हा मी घागरी भरता भरता धुसफुसायची. घरात मी कोंडल्यासारखी होते. वसाहतीत मानाच्या माणसाची बायको म्हणून कोंडलेली, माहेरी सुखी लेक म्हणून कोंडलेली. कुठलंही दार उघडलं तर कुणाची तरी इज्जत जाणार होती.

पुढच्या एका वेळी रेल्वेवाल्यानं त्याच्या बायकोला आणलं, माझ्या सोबतीला. शेजारच्या वर्गात आम्ही दोघी बसायचो, नंतर आणखी एक-दोघी येऊ लागल्या. रेल्वेवाल्याची बायको दांडगी होती, हिरड्यांना मिसरी लावत बसायची. मी तिला एकदा त्या दोन बादल्यांचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“मी बी ह्यांना लई वर्सं उचलून आणलं,” ती म्हणाली. “कंबर गेली माझी. मंग एक दिवस उचललंच न्हाई.”

“मग?”

“मंग काय. पडले तिथंच.”

“मेले असते तर?”

तिनं मिसरीचं बोट पदराला पुसलं. “मेले असते. भ्या वाटतंच बाई. पण उचलून उचलून बी ते मरूनच राहिले होते.”

तिचा राग आला आणि तिला सोडून जावंसंही वाटेना. डॉक्टरचं बोलणं मला पाठ होतं. ह्यांचे पाय सुजायला लागले होते, डोळे पिवळे दिसायचे, आणि मी रोज सकाळी जागी झाले की आधी त्यांचा श्वास चालू आहे का बघायची. मग उठून चूल पेटवायची.

त्या उन्हाळ्यात काकांच्या नातीचं लग्न निघालं. वसाहतीतलं सगळ्यात मोठं लग्न. नवरदेव शिकलेला, पाहुणे नांदेड-परभणीकडचे. दिवस आधीच सांगून ठेवला होता, वेळ नेहमीचीच. नळाला पाणी येऊन आठवडा होऊन गेला होता. लग्नाच्या सकाळी ड्रमच्या तळाशी दोन बादल्या पाणी होतं. त्यापलीकडं घरात पाणी नव्हतं, आणि टँकर कधी येईल ते कुणाला माहीत नव्हतं.

मी लेकरांना उठवत होते तेव्हा हे बाहेरून आले. आता सकाळीही लागायला लागली होती. न बोलता, भिंत धरत धरत मागच्या दाराशी गेले आणि त्या दगडावर जाऊन बसले. सदरा काढून ठेवला, डोळे मिटले आणि मान खाली घातली. लहान पोर न्हायला बसतं, तसे. मी ड्रममधलं पाणी बादल्यांत काढलं, एक बादली उचलली आणि त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले.

ती मान मी किती वेळा बघितली असेल. हाडं वर आलेली, पिवळट. त्यांनी मला हाक मारली नव्हती, उठवायला लागलं नव्हतं, आणण्याची गरज नव्हती. आता पाणी पडणार हे त्यांना माहीत होतं. काका आठ वाजता खाकरणार हे माहीत होतं. वसाहतीला माहीत होतं, मला माहीत होतं. सगळं इतकं नीट लावलेलं होतं की ह्यातून बाहेर पडायचं कुणाच्या डोक्यातही येणार नव्हतं. हा माणूस असाच ह्या दगडावर एक दिवस मरेल आणि मी त्या दिवशीही आधी पाणी ओतेन, असं मला दिसलं. मला भयंकर भीती वाटली.

मी बादली खाली ठेवली.

पुढच्या दाराशी काका खाकरले. “झालं का पोरी?”

मी बाहेर गेले. “न्हाई काका. ते दारू पिलेत. आज न्हाई येणार.”

एवढंच बोलले. पण तो शब्द आमच्या गल्लीत कुणी उच्चारला नव्हता. काकांनी आधी मागं वळून बघितलं, कुणी ऐकलं की काय. “हळू बोल,” ते म्हणाले. मग थोडं पुढं येऊन, समजुतीच्या सुरात म्हणाले, “पाणी न्हाई का? मांडवातून दोन घागरी पाठवतो.”

“पाणी हाय काका. ओतणार न्हाई.”

ते माझ्याकडं बघत राहिले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसती भीती होती, माझ्यासारखीच. “पोरी, नातीचं लग्न हाय माझ्या,” ते म्हणाले. त्यांचे पाय धरावेत असं मला वाटलं. मी दाराची चौकट धरून ठेवली. थोड्या वेळानं ते गेले. जाताना चपला घालायचं विसरले, मी लेकाच्या हाती पाठवून दिल्या.

लग्न दहा वाजून गेल्यावर लागलं. लाउडस्पीकरचा कर्णा आमच्या घराच्याच तोंडाशी बांधलेला होता. पंचशील काकांनी स्वतः म्हटलं, फाटक्या आवाजात, अडखळत. हे अजून दगडावरच बसले होते. ऊन त्यांच्या पाठीवर आलं होतं आणि अंग कोरडं होतं. मी दाराशी बसून भाकरीचं पीठ मळायचं सोंग करत होते. कर्ण्यातून पहिलं शील आलं तसे ह्यांचे ओठ हलायला लागले. दुसरं, तिसरं, चौथं. काका एका ठिकाणी चुकले तेव्हा ह्यांनी ते पुटपुटत दुरुस्तही केलं. पाचव्याला ओठ थांबले. मांडवातल्या सगळ्या लोकांचा आवाज कर्ण्यातून आला आणि गेला.

बऱ्याच वेळानं म्हणाले, “पाणी कामून न्हाई टाकलं?”

“लेकरांना प्यायला ठेवलंय.”

त्यांनी मान वर केली आणि त्या दोन बादल्यांकडं बघितलं. मला वाटलं, आता लाथ मारतील. तसं काही केलं नाही. तिथंच बसून राहिले.

त्या दिवशी आमच्या घरी कुणी जेवायला बोलवायला आलं नाही. पुढं कितीतरी दिवस टँकरच्या रांगेत बाया माझ्या पुढंमागं उभ्या राहायच्या आणि बोलायच्या नाहीत. बालवाडीतून दोन पोरं काढून घेतली. मी चूक केली का बरोबर, हे मला ठरवता येत नव्हतं, आजही येत नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या घरचं कार्य मी नासवलं हे खरंच आहे.

पुढच्या रविवारी मी लेकरांना घेऊन एस.टी. स्टँडवर गेले. गाडीत बसले आणि बघते तर हे मागून चढले. शेजारी बसले नाहीत, दोन बाकडी मागं बसले. नांदेडात उतरल्यावर लेकरांना घेऊन माझ्या मागं मागं मायच्या घरी आले आणि दुपारी शाळेपर्यंतही आले. वर्गात गेले, पोरांच्या बाकड्यावर गुडघे वर करून बसले. मी दाराशी थांबले होते. पाळी आली तसे उठून म्हणाले, “मी मिसेसच्या सोबत आलोय. तिला एकटीला एवढ्या लांब कसं पाठवायचं?”

मी हसू येऊ नये म्हणून ओठ चावला. पण ह्या वेळी कुणी हसलं नाही. रेल्वेवाल्यानं चहाचा ग्लास पुढं केला. “बरं केलं,” तो म्हणाला. “बसा.”

ते तसेच येत राहिले, माझे सोबती म्हणून. शनिवारी संध्याकाळी मलाच विचारायचे, “उद्या तुला जायचं असंल ना?” मी हो म्हणायची. मधे दोनदा घसरले, एकदा तर परतीच्या वाटेवर अहमदपूरला उतरून गायब झाले. मी लेकरांना घेऊन पुढं आले, शोधत बसले नाही. ते दुसऱ्या दिवशी आपले आपण आले. मग एका रविवारी मी बायांबरोबर शेजारच्या वर्गात बसले होते, आणि भिंतीपलीकडून तो आवाज आला. शब्द कळले नाहीत. पण मांडवात पुऱ्या लाटणाऱ्या बायांचे हात थांबवणारा तोच आवाज होता आणि तो अडखळत होता. रेल्वेवाल्याची बायको मिसरी लावायची थांबली आणि तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

ते दारूतून सुटले. पायांची सूज उतरायला फार दिवस लागले, पण उतरली. वसाहत हळूहळू परत बोलायला लागली, काका सगळ्यांच्या शेवटी. पंचशील म्हणायला पुन्हा बोलावलं तेव्हा मात्र ह्यांनी नको म्हटलं. आता मागच्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर म्हणतात. वसाहतीतली लग्नं आता इतर ठिकाणच्यासारखीच लागतात, बारा वाजता, एक वाजता, पाहुणे आले की.

आणि मी? मी त्या दोन बादल्या भरून ठेवत राहिले. मागच्या दाराशी, दगडाजवळ, वर फळी ठेवून. लेकरांना त्यातलं पाणी घेऊ द्यायची नाही. नळाची पाळी लांबली, घरात भांड्यांना पाणी नसलं तरी त्या बादल्यांना हात लावायची नाही. एक दिवस ह्यांनी फळी उचलून बघितलं. “हे कुणासाठी?”

मी म्हटलं, “असू द्या.”

त्यांनी दोन्ही बादल्या एकेक करून घरात नेल्या आणि ड्रममध्ये ओतल्या. रिकाम्या बादल्या दगडावर पालथ्या घातल्या, आणि कचेरीला गेले.

दुसऱ्या दिवशी नळ आला. मी आधी त्या दोन बादल्या भरल्या, मग ड्रम.